राउंडचा हिशेब: बडोद्यातल्या एका सुरक्षा एजन्सीला पेट्रोलिंग सॉफ्टवेअर खरं कितीला पडलं

पार्श्वभूमी

बडोद्यातली ही एजन्सी म्हणजे दोन चुलत भावांची भागीदारी संस्था. ऑफिस दांडिया बाजारात. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायद्याखालचा परवाना आहे. पटावर १४८ गार्ड, १४ साइट. थोरले भागीदार साइट आणि माणसं बघतात, धाकटे बिलं, पीएफ, ईएसआय आणि बँक. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

१४ पैकी ८ साइटवर राउंड, म्हणजे ठरल्या वेळी आवारात फिरून पाहणी, हा प्रकारच नाही. बंगला, दवाखाना, शोरूम अशा ठिकाणी गार्ड गेटवर बसतो आणि हजेरी लागली की काम भागतं. राउंड होतात त्या ६ साइटवर: मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना, मंजुसरचे दोन कारखाने, वाघोडिया रोडवरचं एक गोदाम, अलकापुरीतलं एक व्यापारी संकुल आणि गोत्रीतली एक मोठी सोसायटी. या सहा ठिकाणी मिळून राउंड घेणाऱ्या पोस्ट, म्हणजे पहाऱ्याच्या जागा, ११. तीन पाळ्या धरल्या तर ३३ माणसं, आणि साप्ताहिक सुट्टीचे रिलीव्हर (बदली गार्ड) धरून ३९. पुढचा सगळा हिशेब १४८, ३९, ११ आणि ६ या चार आकड्यांभोवती फिरतो, म्हणून ते आधीच मांडले.

राउंडची नोंद रजिस्टरमध्ये होत असे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा एका साइटच्या केबिनमधली रजिस्टरं भिजून लगदा झाली. त्या वेळी कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही.

अडचण

फेब्रुवारी २०२५ मध्ये मकरपुऱ्याच्या कारखान्यातून रात्री तांब्याच्या केबलची दोन भेंडोळी गेली. मागच्या कुंपणाची जाळी कापलेली होती. रजिस्टर पाहिलं तर रात्री १० ते सकाळी ६ असे आठही राउंड वेळेवर झालेले. फक्त आठही सह्या एकाच पेनाच्या, एकाच तिरकसपणाच्या, आणि पावणेसहाची सही सुकायच्या आत पान मिटल्यामुळे तिचा ठसा समोरच्या पानावर उमटलेला. कारखान्याच्या अधिकाऱ्याने त्या पानाचा फोटो काढला आणि मेलला जोडला.

त्या महिन्याच्या बिलातून रक्कम कापली गेली, शिवाय १ एप्रिलपासूनच्या नूतनीकरणात दोन नवी कलमं आली. पहिलं: राउंडची इलेक्ट्रॉनिक नोंद हवी आणि राउंड चुकला तर अर्ध्या तासात कळवायचं. दुसरं: चुकलेल्या प्रत्येक पॉइंटमागे (राउंडमध्ये जिथे थांबून नोंद करायची ती ठरलेली जागा) ₹२०० दंड. हातात होते ४५ दिवस.

धाकट्या भागीदारांनी चार कोटेशनं मागवली. चारही आली, पण एकाचा दर माणसामागे, दुसऱ्याचा साइटमागे, तिसऱ्याचा यंत्रामागे एकदाच आणि चौथ्याचा फोनमागे दरमहा. आठवडाभर ती शेजारी शेजारी टेबलावर पडून होती. चार वेगवेगळ्या मापांनी मोजलेला माल एका ओळीत लावता येत नव्हता.

पर्याय आणि त्यांची तुलना

पहिल्या कंपनीचा दर होता दर माणशी ₹११० महिना, किमान १०० माणसं, वर्षाचे पैसे आगाऊ. हजेरी, रजा, पगारपत्रक, राउंड सगळं एकात. १४८ माणसांचे वर्षाला ₹१,९५,३६० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹२,३०,५२५. राउंडवाल्या ३९ माणसांपुरतंच द्या म्हटलं तर किमान १०० ची अट आडवी येत होती. शिवाय महिन्यात जास्तीत जास्त जितकी माणसं नोंदली जातील तितक्यांचं बिल. ही एजन्सी नवरात्रात गरब्याच्या मैदानांसाठी सत्तरेक तात्पुरती माणसं घेते. हजेरीसाठी ती नोंदवली असती तर नऊ रात्रींसाठी अख्ख्या महिन्याचे ₹७,७०० वाढले असते.

दुसऱ्या कंपनीचा साइटमागे ₹१,४०० महिना, माणसं कितीही. ऐकायला हे सगळ्यात सोपं. पण एका साइटवर १५ पॉइंटच धरलेले, पुढच्या प्रत्येक १० पॉइंटांना ₹३००. मकरपुऱ्याला ३८ पॉइंट ठरले होते, मंजुसरला २२ आणि २२, सोसायटीत १८. म्हणजे महिन्याला ₹८,४०० वर आणखी ₹१,८००. साइट सुरू करण्याचे प्रत्येकी ₹३,००० वेगळे. पहिल्या वर्षाचे जीएसटीसह ₹१,६५,६७२.

तिसरा पर्याय जुना आणि मजबूत: हातात धरायचा आरएफआयडी दंडुका. भिंतीवरच्या बटणाला टेकवला की वेळ नोंदली जाते. फोन नाही, सिम नाही, रील्स नाहीत. ११ आणि वर २ जास्तीचे असे १३ दंडुके प्रत्येकी ₹८,५०० ला, १२२ बटणं प्रत्येकी ₹७० ला, जीएसटीसह ₹१,४०,४६७ एकदाच. उणीव एकच, पण मोठी. नोंद दंडुक्यातच राहते आणि कुणीतरी साइटवर जाऊन ती काढून आणावी लागते. अर्ध्या तासात कळवण्याची अट इथे बसत नव्हती.

चौथी लहान कंपनी. फोनमागे ₹४५० महिना, त्या फोनवर कितीही गार्ड आपापला पिन टाकून काम करू शकतात. ११ फोनांचे वर्षाला जीएसटीसह ₹७०,०९२. नोंदी ९० दिवसच राहतील आणि अहवाल फक्त पीडीएफमध्ये मिळेल असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

कोंडी फुटली ती थोरल्या भागीदारांच्या एका साध्या प्रश्नाने: "आपण क्लायंटला बिल कशावर लावतो? पोस्टवर ना? मग हेपण पोस्टवरच मांड." चारही कोटेशनं राउंडच्या एका पोस्टमागे दरमहा अशी बसवली तेव्हा चित्र असं दिसलं: पहिली ₹१,७४६ (किमान १०० माणसांवर आणली तरी ₹१,१८०), दुसरी ₹१,२५५, दंडुका तीन वर्षांत वाटला तर ₹३५५ आणि चौथी ₹५३१.

एक स्वस्त वाटणारा पाचवा पर्यायही चर्चेत होता: गार्डने स्वतःचाच फोन वापरायचा, महिन्याला ₹१०० भत्ता द्यायचा. ३९ जणांचे ₹३,९००, फोन-सिमच्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी. फील्ड ऑफिसरने चार दिवस फिरून प्रत्येकाचा फोन पाहिला. ११ जणांकडे बटणाचा किंवा इतका जुना फोन होता की ॲप उघडतच नव्हतं. उरलेल्यांपैकी कितीतरी जणांचा रिचार्ज महिनाअखेरीस संपलेला असतो. पगार झाल्यावरच तो मारला जातो. आणि ड्युटी संपल्यावरही आपलं ठिकाण साहेबांना दिसेल अशी भीती गार्डना होती, ती अगदीच खोटी नव्हती. पर्याय तिथेच सोडला.

जीएसटीचा खड्डा

धाकट्या भागीदारांनी आपल्या पहिल्या तक्त्यात जीएसटी धरलाच नव्हता; वरचे आकडे दुरुस्तीनंतरचे आहेत. क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची आपल्या करातून वजावट, मिळेल असं गृहीत होतं. सीएने एका फोनमध्ये ते दुरुस्त केलं.

१ जानेवारी २०१९ पासून सुरक्षा सेवेवर उलट आकारणी लागू आहे. सेवा देणारा कंपनी नसेल, म्हणजे मालकीची किंवा भागीदारी संस्था असेल, आणि घेणारा जीएसटीत नोंदलेला असेल, तर कर घेणाऱ्याने भरायचा. एजन्सीच्या दृष्टीने अशी विक्री क्रेडिटच्या हिशेबात करमुक्त विक्रीसारखी धरली जाते, त्यामुळे खरेदीवरच्या कराचं क्रेडिट त्या प्रमाणात सोडून द्यावं लागतं. या एजन्सीची सुमारे ८८ टक्के उलाढाल नोंदलेल्या कारखान्यांकडून आणि दुकानदारांकडून येते. म्हणजे सॉफ्टवेअरवरच्या प्रत्येक ₹१०० करातले ₹८८ खिशातूनच गेले. फोनवरच्या कराचंही तेच.

हीच एजन्सी प्रायव्हेट लिमिटेड असती तर तिचा तक्ता वेगळा दिसला असता. म्हणून दुसऱ्या एजन्सीने सांगितलेला सॉफ्टवेअरचा खर्च ऐकताना ती संस्था कोणत्या प्रकारची आहे ते आधी विचारावं. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

निर्णय: टॅग की क्यूआर

चौथी कंपनी घ्यायचं ठरलं, पण खरा वाद नंतर सुरू झाला. पॉइंटवर काय लावायचं?

क्यूआरची पाटी ₹६० ची आणि फोन कोणताही साधा, ₹७,२०० चा. पण क्यूआरचा फोटो निघतो. एकाने सगळ्या पाट्यांचे फोटो काढून दुसऱ्या फोनवर ठेवले की केबिनमध्ये बसून राउंड पुरा होतो. त्यावर उतारा म्हणून ॲप जागेचं ठिकाणही तपासतं. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस पाचेक मीटरपर्यंत बरोबर येतो, पत्र्याच्या शेडखाली मात्र तो पन्नास-साठ मीटर इकडेतिकडे उड्या मारतो. मर्यादा कडक ठेवली तर खरा राउंडही नापास होतो, सैल ठेवली तर केबिनपण त्यात बसते.

एनएफसी टॅग म्हणजे फोनला वाचता येणारी छोटी चिप. तिच्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर फोन न्यावाच लागतो, फोटोने काम होत नाही. पण एनएफसी असलेला फोन त्यांना ₹१३,५०० ला पडत होता. सगळीकडे एनएफसी घेतलं तर १३ फोनांचे ₹१,७५,५००, सगळीकडे क्यूआर घेतलं तर ₹९३,६००.

शेवटी जिथे चोरीला जाईल असा माल आहे अशा तीन कारखान्यांच्या ७ पोस्टना एनएफसी आणि उरलेल्या ४ पोस्टना क्यूआर असं विभागलं. एकेक जास्तीचा फोन धरून ८ महागडे आणि ५ साधे, मिळून ₹१,४४,०००.

कंपनीशी घासाघीस करताना दर कमी करण्यापेक्षा अटींवर जोर दिला. नोंदी १२ महिने ठेवण्याचे वर्षाला ₹६,००० जास्त कबूल केले, कारण चोरीची तक्रार किंवा विम्याचा दावा तीन महिन्यांत मिटत नाही. सगळा डेटा दरमहा एक्सेलमध्ये उतरवता यावा आणि नूतनीकरणाला १० टक्क्यांहून जास्त दरवाढ नको, हेही लिहून घेतलं. सॉफ्टवेअरचा वर्षाचा आकडा जीएसटीसह ₹७७,१७२ झाला.

दंडाच्या कलमावरची बोलणी

सॉफ्टवेअरच्या दरावर तीन आठवडे चर्चा झाली, या कलमावर तीन दिवस. प्रमाण उलट असायला हवं होतं.

३८ पॉइंट, रात्री ८ राउंड, ३० रात्री: महिन्याला ९,१२० स्कॅन. त्यातले फक्त १ टक्का चुकले तरी ९१ पॉइंट, दर पॉइंटला ₹२००, म्हणजे ₹१८,२००. या साइटवर राउंडच्या तीन धरून एकूण पाच पोस्ट, पंधरा गार्ड आणि गार्डमागे एजन्सीचा सर्व्हिस चार्ज, म्हणजे एजन्सीला सुटणारी रक्कम, सुमारे ₹१,१५५. महिन्याची सगळी कमाई ₹१७,३२५. एका टक्क्याच्या चुकीत साइट तोट्यात गेली असती. आणि चूक म्हणजे गार्डचीच असेल असंही नाही. फोन बंद पडला, टॅग उखडला, मटेरियलचा ट्रक पॉइंटसमोर उभा राहिला, सगळं त्यातच मोजलं जाणार.

हा हिशेब कागदावर मांडून दाखवल्यावर कारखान्याचे अधिकारी ऐकायला तयार झाले. पॉइंट ३८ वरून २७ वर आले. त्यातले बरेचसे सुरक्षा विभागाने चालता चालता 'इथेपण एक लावा' म्हणत वाढवलेले होते, आणि एका पोस्टला तेरा पॉइंट म्हटले की राउंडला ३५ मिनिटं लागत होती. २७ पैकी २४ झाले की राउंड पुरा धरायचा. न झालेल्या राउंडला ₹१५० आणि महिन्याचा दंड त्या साइटच्या सर्व्हिस चार्जच्या ५ टक्क्यांवर जाणार नाही, म्हणजे फार तर ₹८६६. फोन बिघडल्याचं दोन तासांत व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं तर ती रात्र मोजायची नाही.

याच बैठकीत 'इलेक्ट्रॉनिक पेट्रोलिंग' अशी वेगळी ओळ बिलात घालून पोस्टमागे ₹१,५०० मागितले. मिळाले. चोरी झालेल्या जागी बोलणी करताना एजन्सीची बाजू लंगडी असते, तरीही मिळाले, कारण मागणी त्यांचीच होती आणि खर्चाचा तक्ता समोर होता.

अंमलबजावणी आणि काय बिघडलं

मार्चमध्ये मकरपुऱ्यावर १४ रात्रींची चाचणी घेतली.

पहिली चूक टॅगची. ₹१८ चे साधे स्टिकर टॅग ६० आणले आणि शेडच्या लोखंडी खांबांवर चिकटवले. एकही वाचला जाईना. फोनच्या चुंबकीय क्षेत्रामुळे लोखंडात उलटे प्रवाह तयार होतात आणि टॅगच्या वेटोळ्याला वीजच मिळत नाही. धातूवर लावायच्या टॅगला मागे फेराइटचा थर असतो, तो ₹८५ ला पडतो. मग तिन्ही कारखान्यांसाठी धातूवरचे ५० आणि भिंतीवरचे साधे गोल टॅग ₹३० प्रमाणे ४० आणले. ₹१,०८० पाण्यात आणि दोन दिवस वाया.

दुसरी अडचण फोनची. पडदा बंद झाला की बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे फोन ॲपला मागच्या मागे झोपवतो. १३ पैकी ५ फोनांवर असं झालं. प्रत्येक फोनवर ॲपची बॅटरी मर्यादा काढणं, ऑटोस्टार्ट चालू करणं, तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवणं आणि स्क्रीन ॲपवरच अडकवून ठेवणं ही चार कामं करावी लागली. चौथं सुरुवातीला राहिलं होतं. परिणाम असा की पहाटे तीनपर्यंत दिवसाचा डेटा रील्समध्ये संपायचा आणि त्यानंतरचे राउंड झालेले असूनही सर्व्हरवर 'चुकले' असे दिसायचे.

तिसरी अडचण सगळ्यात महाग. ॲपमध्ये प्रत्येक पॉइंटला पाच मिनिटांची सवलत आणि उशीर झाला की मेसेज, अशी मूळ रचना होती. पहिल्या आठवड्यात एका साइटवरून रात्रीला १४० च्या आसपास मेसेज आले. ऑफिसातल्या रात्रीच्या सुपरवायझरने तिसऱ्या रात्री ग्रुप म्यूट केला. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. मग रचना बदलली: मेसेज पॉइंटवर नाही, राउंडवर. वीस मिनिटांत राउंड सुरू झाला नाही तरच मेसेज जायचा आणि सुपरवायझरने पोस्टवर फोन करायचा. सुटलेले पॉइंट सकाळच्या अहवालात बघायचे. मेसेज रात्रीला चार ते सहावर आले.

मे महिन्यात मंजुसरच्या अहवालात एक गंमत दिसली. एका राउंडमधले सहा पॉइंट ३८ सेकंदांत स्कॅन झालेले, आणि हे सलग चार रात्री. फील्ड ऑफिसर रात्री दोनला गेला तेव्हा सहा टॅग केबिनच्या टेबलाच्या खणात, आगपेटीत मांडून ठेवलेले सापडले. गार्ड अठ्ठावन्न वर्षांचा. कामावरून काढण्याआधी थोरल्या भागीदारांनी त्याला ऑफिसात बोलावलं. "काका, सहाच का काढले, बाकीचे का नाही?" ते सहाही पॉइंट दुसऱ्या मजल्यावरचे होते, जिन्याचे. गुडघा दुखत होता आणि सांगायची सोय नव्हती. त्याला गेटच्या पोस्टवर घेतलं. टॅग रिव्हेट मारून बसवले, आणि दोन पॉइंटमध्ये किमान ४० सेकंद गेले नाहीत तर नोंद लाल दिसावी असा नियम ॲपमध्ये घातला.

पावसाळ्यात सोसायटीतल्या काही क्यूआर पाट्यांचं लॅमिनेशन सुटलं. ॲक्रिलिकच्या आत छापलेल्या टिकून राहिल्या, वरून चिकटवलेल्या गेल्या.

खरा खर्च

फोन, टॅग, बसवणं आणि शिकवणी दोन वर्षांत वाटून धरली तर ११ पोस्टचा दरमहा खर्च असा बसला:

सॉफ्टवेअर, जीएसटीसह: ₹६,४३१
फोन: ₹६,०००
सिम, फोनमागे ₹२१०: ₹२,३१०
टॅग, पाट्या, कव्हर, बसवण्याचा प्रवास, गार्डना शिकवण्याचे जादा तास: ₹९४४
रात्री मेसेज बघणं आणि सकाळचा अहवाल, रोज अडीच तास, ₹१८,००० च्या माणसाचे: ₹५,६२५

एकूण ₹२१,३१०. पोस्टमागे ₹१,९३७.

कोटेशनमध्ये ₹४५० लिहिलेलं होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. सॉफ्टवेअर एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी निघालं आणि अहवाल वाचणारा माणूस जवळजवळ सॉफ्टवेअरइतकाच महाग. ही शेवटची ओळ कोटेशनमध्ये कधीच नसते. ती वाचवायची म्हटली तर बाकीचे पैसे वाया जातात, कारण न वाचलेला अहवाल आणि एका पेनाने आठ सह्या केलेलं रजिस्टर यांत फरक काही उरत नाही.

₹१,९३७ हा आकडा क्लायंटच्या बिलाशी ताडला तर किरकोळ दिसतो. तो ताडायचा सर्व्हिस चार्जशी. तीन पाळ्यांच्या एका पोस्टवर एजन्सीला ₹३,४६५ सुटतात. त्यातला निम्म्याहून जास्त भाग इथे गेला.

परिणाम

मकरपुऱ्यावर पहिल्या आठवड्यात ६१ टक्के राउंड पुरे झाले, तिसऱ्या महिन्यात ९४ टक्के. रजिस्टरात हाच आकडा वर्षानुवर्षं शंभर होता. सहा महिन्यांत दंड दोनदा लागला, दोन्ही मिळून ₹१,०५०. कुंपणाची जाळी जुलैमध्ये पुन्हा एकदा कापलेली आढळली, पण ती रात्री पावणेतीनच्या राउंडमध्ये, फोटोसह. माल जागेवर होता.

वसुलीची बाजू तितकी चांगली नाही. मकरपुरा ₹४,५००, मंजुसरचा एक कारखाना ₹२,०००, गोदाम ₹१,०००. महिन्याला ₹७,५००. मंजुसरच्या दुसऱ्या कारखान्याने आणि संकुलाने 'पुढच्या नूतनीकरणात बघू' म्हटलं, सोसायटीने सरळ नाही म्हटलं. उरलेले ₹१३,८१० एजन्सी स्वतः सोसत होती.

वेगळं काय करता आलं असतं

सहाही साइटवर एकदम सुरू करण्याचं कारण नव्हतं. मागणी एका कारखान्याची होती. तिथल्या राउंडच्या ३ पोस्टवर तीन महिने चालवून, हातात अहवाल घेऊन इतर क्लायंटकडे गेलं असतं तर पैसे आधी ठरले असते. फुकट सुरू केलेल्या गोष्टीचे नंतर पैसे मागणं अवघड जातं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर 'हे तर तुमच्याच सोयीसाठी आहे' असंच सांगितलं.

गोदाम आणि संकुलाला लगेच कळवण्याची गरजच नव्हती. तिथे आठवड्याला एकदा नोंद काढून आणणारा दंडुका पुरला असता, फोनही लागला नसता आणि सिमही. एकाच प्रकारची व्यवस्था सगळीकडे असावी हा आग्रह ऑफिसच्या सोयीचा होता, खर्चाच्या हिशेबाचा नव्हता.

राउंड किती वेळात चालून होतो हे टॅग लावण्याआधी घड्याळ लावून, आणि सर्वांत वयस्क गार्डला सोबत घेऊन मोजायला हवं होतं. आगपेटीचं प्रकरण तिथेच टळलं असतं.

टॅगचे नमुने आधी पाच मागवून लोखंड, भिंत आणि ओल्या जागेवर लावून बघणं हे तर दुकानदारानेही सुचवलं होतं.

सप्टेंबरअखेरीस आढावा घेतला तेव्हा सोसायटीच्या लॉगिनमधून चार महिन्यांत अहवाल तीनदा उघडल्याचं दिसलं. तिथल्या दोन पोस्ट नवरात्रानंतर सिस्टिममधून काढल्या. सॉफ्टवेअरचे फोनमागचे पैसे आणि सिम मिळून महिन्याचे ₹१,३२० जीएसटी वगळून वाचले, आणि ते दोन फोन वाघोडिया रोड आणि अलकापुरीला जास्तीचे म्हणून गेले, कारण गोदामातल्या फोनचा पडदा तोवर तडकलेला होता.